पुढून अळ्या, मागून मी

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही मेट्रनबाईंनी दिली. लाल पुठ्ठा, दोनशे पानं, वर चिठ्ठी डकवलेली: साचलेलं पाणी, रोजची नोंद. रोज सकाळी बागेतल्या प्रत्येक पिंपातून आणि हौदातून पळीभर पाणी काढायचं, त्यातल्या डासांच्या अळ्या मोजायच्या आणि आकडा लिहायचा. आता दोनशे पानं अळ्या लिहून कोणाचं भलं झालंय? म्हणून मी ठरवलं, पुढून अळ्या, मागून मी. वही उलटी केली की ती माझी. मेट्रनबाईंच्या डोक्यात वही उलटी करायचा विचार या जन्मात यायचा नाही.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी रिकामी आहे. दहावीच्या गणितात दोनदा आपटले, आणि शिलाईच्या वर्गातून गेल्या महिन्यात काढलं. तिथल्या बाई फार बोलायच्या, म्हणून मी त्यांच्या पर्सचं तोंड शिवून टाकलं. टाका इतका सुरेख आला होता की आधी त्यांनी कौतुकानं बघितलं. मग पर्स कोणाची ते कळलं.

आज पालिकेच्या वॉर्ड कचेरीतून डासांची तपासणी करणारे पळीसाहेब आले होते. खरं नाव कोणी विचारत नाही. लांब दांड्याची पांढरी पळी घेऊन हिंडतात, पाणी दिसलं की बुडवतात. सहापैकी तीन पिंपांत अळ्या निघाल्या. ही दुसरी वेळ. या आरामगृहात लोक आजारातून उठून धड व्हायला येतात, आणि गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना इथंच डासांचा ताप भरला. त्यामुळे पळीसाहेबांनी आमच्यासमोरच मेट्रनबाईंना सांगून टाकलं, तिसऱ्यांदा सापडल्या तर आवारातलं सगळं उघडं पाणी बंद. पिंपं जाणार, हौद बुजवणार. मग नळी घेऊन फिरणारा कंत्राटी माणूस आला की झालं, माळी कशाला लागतो? आणि माळी नाही तर पंपघरामागची आमची खोलीही नाही. पुढची तपासणी पंचवीस तारखेला.

बाबा इथं सव्वीस वर्षं माळी आहेत. हौद त्यांनी स्वतः बांधलाय, मी जन्मायच्या आधी. त्यात पांढरी कमळं आहेत, गप्पी मासे आहेत. आई गेली तेव्हा ते तीन दिवस त्या कठड्यावर बसून होते असं आत्या सांगते. मला आठवत नाही, मी चार वर्षांची होते.

बाबा पळीसाहेबांना एवढंच म्हणाले, "पंचवीसला या. काही सापडायचं नाही."

ते जाताना मी त्यांच्या पिशवीत एक बेडूक सोडला. लहानसाच.

५ ऑगस्ट

मोजल्या. पहिलं पिंप चौदा, दुसरं नऊ, चौथं एकवीस. हौदात शून्य.

अळी म्हणजे कापलेल्या नखाएवढी, पण वळवळीत अख्खी. पाण्याला खालून लटकते, शेपटी वर, डोकं खाली. शेपटीनं श्वास घेते म्हणे. शाळेत मी पण निम्मा वेळ ओणवीच असायचे, फक्त श्वास नाकानं घ्यायचे.

मेट्रनबाईंचं म्हणणं, सगळीकडे औषधाची भुकटी टाका आणि मोकळे व्हा. बाबा म्हणाले, मासे मरतील, आणि तेच पाणी आपण स्वयंपाकघराच्या वाफ्याला घालतो. मेट्रनबाई म्हणाल्या, तुमच्या पद्धतीनं करा, पण झालं पाहिजे. त्या वाईट नाहीत. फक्त हसताना त्यांना कुठं तरी दुखतं.

बाबांची पद्धत अशी. हौदाला काही करायचं नाही, मासे बघून घेतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाळू भरायची, म्हणजे पाणी वाळूत राहील पण डासाला अंडी घालायला उघडं मिळणार नाही. आणि पिंपं दर शुक्रवारी कोरडी. पाणी झाडांना ओतायचं, पिंप आडवं करायचं, आतून काथ्यानं खसाखसा घासायचं, दिवसभर उन्हात ठेवायचं, शनिवारी भरायचं. पिंपांतही मासे सोडा की, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, दिवसातून दहादा त्यात झारी बुडते, तुला मासे गुलाबाच्या मुळाशी पुरायचेत का?

निंबोळीचं तेल वर शिंपडू या, असंही मी सुचवलं, कुठं तरी वाचलं होतं. तेलाचा तवंग आला की माशांचा जीव गुदमरेल, म्हणाले. माझी अक्कल एकूण माशांच्या मुळावर उठलीय.

६ ऑगस्ट

हौदाच्या तळात एक राक्षस सापडला. मातकट, सहा पायांचा, तोंडातून चिमटा बाहेर काढणारा. असे पाच होते. मी पाचही उचलून भिंतीपलीकडे फेकले आणि शाबासकी घ्यायला बाबांकडे गेले.

बाबा म्हणाले, "नीट सांग, कसे दिसत होते?"

मी चिमटा करून दाखवला. ते माझ्या हाताकडे न बघता म्हणाले, तोंडानं सांग. सांगितलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. ती चतुरांची पिल्लं होती. पंख फुटेपर्यंत पाण्यात राहतात आणि एकेक दिवसाला पन्नास पन्नास अळ्या खातं. उडायला लागल्यावर डासही खातं. म्हणजे मी आमचीच फौज भिंतीपलीकडे फेकली. भिंतीपलीकडे जाऊन तासभर शोधलं. दोन सापडली, एक मेलेलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला कोरडा दिवस. बाबा शेजारी बसून होते, त्यामुळे सहाही पिंपं घासली. काथ्यानं हाताची सालं निघाली. पाण्याची रेघ जिथं असते तिथं बोटभर वरपर्यंत घास, म्हणाले. मी विचारलं, पाणी तिथं नसतंच तर घासायचं कशाला? म्हणाले, माझा बाप घासायचा म्हणून मी घासतो. एवढ्या उत्तरावर मी माझ्या कातडीची किंमत मोजली.

१० ऑगस्ट

सगळीकडे शून्य. सहा पिंपं, एक हौद, सात शून्यं. गणितात मिळवायचे तेव्हा कोणी वही दिली नाही.

११ ऑगस्ट

आज फार मजा केली. बाबा पाणी तपासायला पळी मागतात, मग डोळ्यांजवळ धरून म्हणतात, स्वच्छ. मी पळीत चिमूटभर चहाची भुकटी टाकली. पांढऱ्या पळीत काळीभोर. त्यांनी डोळ्यांजवळ धरली, इकडून तिकडून फिरवली आणि म्हणाले, "स्वच्छ." मला इतकं हसू आलं की पिंपामागे जाऊन बसले.

दुपारी ही गोष्ट घड्याळकाकांना सांगितली. हे इथले पेशंट, खुब्याचं हाड मोडलंय, आधी घड्याळं दुरुस्त करायचे. रोज हौदापाशी खुर्ची टाकून बसतात. माझ्या सगळ्या खोड्या त्यांना आवडतात, मेट्रनबाईंच्या चष्म्याला साबण लावला तेव्हा तेच पहारा देत होते. पण आज हसले नाहीत. म्हणाले, "तुझे बाबा भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहून मला वेळ विचारतात."

मी म्हटलं, ते तुमच्याशी बोलायला निमित्त काढतात.

"असेल," म्हणाले.

१२ ऑगस्ट

काल रात्री झोपताना विचार करत होते. बाबा कठड्याला आधी पाय लावतात, मग बसतात. मी चिमटा करून दाखवला तर म्हणाले तोंडानं सांग. गेल्या महिन्यात मी त्यांच्या दोन्ही चपला उजव्या पायाच्या ठेवल्या, ते तशाच घालून गेले आणि मी म्हटलं बाबा माझ्यावर कडी करतात.

आज सकाळी पळीत काही टाकलं नाही. नुसती रिकामी पळी दिली, पाणीच नाही. डोळ्यांजवळ धरली. मग वजनावरून कळलं असेल. पळी खाली ठेवून म्हणाले, "माकडे, किती दिवस झाले तुला कळून?"

मी म्हटलं, कालच.

काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून धरून ठेवायची. आता मधोमध नाण्याएवढं दिसतं, तेही धुक्यातून. कोणाला बोलले नाहीत, कारण न दिसणारा माळी कोण ठेवणार. पिंपांतल्या अळ्या त्यांना गेल्या पावसाळ्यापासूनच दिसत नव्हत्या.

१३ ऑगस्ट

कालचं वाचलं. नुसती रिकामी पळी दिली असं लिहिलंय. हे काही खोडीत धरता यायचं नाही. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आमचं ठरलंय. मी बघायचं, त्यांनी करायचं. मेट्रनबाईंसमोर मी मोठ्यानं बडबडते: बाबा, ती तिसरी कुंडी कलंडलीय बघा, डावीकडची. त्यांना वाटतं पोरीचं तोंड बंदच होत नाही. माझ्या बदनामीचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरा कोरडा दिवस. बाबांना मेट्रनबाईंनी आत कुंड्या हलवायला बोलावलं होतं, मी त्यांच्याबरोबर सारखी आत बाहेर, कारण दारात पायरी आहे. पिंपं ओतली, आडवी केली. चार घासली. दोन नुसती विसळली. आतून बघितलं, चकचकीत होती. घासायला होतं काय?

संध्याकाळी बाबांनी विचारलं, घासलीस? घासली, म्हटलं. सहापैकी चार म्हणजे पासच की.

१८ ऑगस्ट

पाचव्या पिंपात तीन, सहाव्यात सात. शुक्रवारी पाणी ओतलं, दिवसभर उन्हात तापलं, शनिवारी नळाचं ताजं भरलं, मग या आल्या कुठून? आभाळातून पडल्या का? चहाच्या गाळणीनं गाळून काढल्या आणि वहीत शून्य लिहिलं. आता खरंच शून्य होतं, मग खोटं काय त्यात. गाळणी धुऊन परत जागेवर ठेवली. स्वयंपाकीणबाईंना हे कळायला नको.

काढलेल्या दहा अळ्या हौदात टाकल्या. गप्पी असे तुटून पडले की जणू जेवणाची घंटा झाली. एकानं पळता पळता दुसऱ्याच्या तोंडातली ओढली. बाबांना सगळं सांगत होते, कोण कुठून आला, कोणी किती खाल्ल्या. ते हसत होते. कधी नव्हे ते खूप हसले. त्या अळ्या कुठून आल्या हे त्यांनी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

घड्याळकाकांच्या ओळखीचे डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी आजची वेळ दिली होती. सकाळी उठून पिंपं रिकामी केली, आडवी पाडली आणि बाबांना घेऊन गेले. तिथं चार तास. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, हनुवटी इथं टेकवा, लाल दिवा दिसतो का, दिसला की बटण दाबा. मी काचेतून बघत होते. दिवे लागत होते आणि बाबा बटण दाबत नव्हते. एकदा तर दिवा लागलाच नव्हता आणि त्यांनी दाबलं.

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. एवढंच. छान माणूस, खोटी आशा लावली नाही. लावली असती तरी चाललं असतं.

परत आलो तर चार वाजले होते. पिंपं वाळून खडखडीत. काथ्या हातात घेतला. पहिल्या पिंपात डोकं घातलं आणि तिथंच बसून राहिले. आत अंधार होता, गार होतं, कोणी दिसत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग बाहेर आले आणि काथ्या खिळ्याला अडकवला.

बाबा खोलीत पडले होते. तिकडूनच विचारलं, "घासलीस का गं?"

"घासली."

"सगळी?"

"सगळी."

२४ ऑगस्ट, रविवार

काल तोंडोतोंड भरली. आज पाणी अगदी नितळ आहे, फक्त धुळीसारखं काहीतरी बारीक तरंगतंय. फुलांचे पराग असतील. आकडा शून्य लिहिला. उद्या पळीसाहेब येऊ देत. हौद तर आरशासारखा आहे, सकाळपासून तीन कमळं उघडलीत. फेकून दिलेल्यांपैकी जे एक पिल्लू परत आणलं होतं त्याचं सालटं देठाला चिकटलेलं मिळालं, पाठ फाटलेलं. म्हणजे उडालं. बाबांच्या तळहातावर ठेवलं. ते बोटानं चाचपत राहिले, म्हणाले, कागदापेक्षा हलकं आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

आठ वाजताच आले. मी चहा पीत होते.

आधी हौद बघितला. पाच ठिकाणी पळी बुडवली, पाचही वेळा शून्य. म्हणाले, वॉर्डात इतकं चांगलं उघडं पाणी मी बघितलं नाही. बाबा ताठ उभे होते. मग पिंपांकडे गेले. पहिल्या पळीत त्यांनी डोळे बारीक केले. खिशातून भिंग काढलं. मला पण दाखवलं. कालची धूळ हलत होती. एका पळीत चाळीसच्या वर, पुढं त्यांनी मोजलंच नाही. सहाच्या सहा पिंपांत.

मी म्हटलं, शक्यच नाही, शुक्रवारी कोरडी केली होती, उन्हात होती. मोठ्यानं म्हटलं.

पळीसाहेब शांत माणूस आहे. त्यांनी मला पिंपाजवळ बोलावलं आणि बोटानं पाण्याच्या वरची कड दाखवली. "हा डास पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या वर, भिंतीला चिकटवतो. सुकली तरी मरत नाहीत, महिनोन्महिने वाट बघतात. पाणी वर चढलं की एकदम फुटतात. म्हणून घासायचं असतं. कोरडं करून न घासता भरलं, म्हणजे आपणच त्यांना हाक मारली."

माझ्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. मला वाटलं आता बाबा माझ्याकडे वळतील. ते पळीसाहेबांकडे वळले, म्हणजे जिथं आवाज होता तिकडे.

"घासायचं काम माझं होतं," म्हणाले. "माझं राहून गेलं. मला दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली."

मेट्रनबाई तिथंच होत्या. त्यांच्या हातातली किल्ल्यांची जुडी वाजायची थांबली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं. एरवी ज्या तोंडाला कुलूप लागत नाही ते नेमकं तेव्हा बंद झालं. पळीसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि लिहायला लागले. हौदाचं शून्यही त्यांनी लिहिलं. त्याला वेगळा रकाना नव्हता, म्हणून खाली शेरा मारला.

२६ ऑगस्ट

सकाळी बाबा बागेत दिसले नाहीत म्हणून शोधत गेले. पहिल्या पिंपाशी गुडघ्यावर बसले होते, पिंप आडवं, हात आत. तळहात भिंतीवरून फिरवत होते, सावकाश, ताप बघतात तसा. मग दुसऱ्याकडे सरकले. सहाही झाली. मी पंपघराच्या कोपऱ्यावर उभी होते. उठताना त्यांनी हात पँटला पुसले आणि आवाज दिला, "आहेस का तिथं? चहा ठेव."

बस. एवढंच. मला चार थोबाडीत दिल्या असत्या तर मी आज झोपले असते.

२८ ऑगस्ट

मेट्रनबाईंनी बाबांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. मी दाराबाहेर. म्हणाल्या, मी तुम्हाला डोळ्यांसाठी काढत नाही, हा वॉर्डाचा हुकूम आहे. बाबा म्हणाले, डोळ्यांसाठी काढलं तरी चुकीचं नाही. दहा तारखेपर्यंत खोली सोडायची. बाहेर आल्यावर मेट्रनबाई मला म्हणाल्या, तू त्यांच्या हाताशी राहा. मी म्हटलं, हो. तेव्हाही सांगता आलं असतं. घड्याळकाकांना तरी सांगावं म्हणून गेले, तर त्यांना घरी नेलं होतं. खुर्ची रिकामी.

३ सप्टेंबर

आत्या बाबांना आणि ट्रंकांना रिक्षातून तिच्या घरी घेऊन गेली. जाताना बाबा म्हणाले, मासे काढून घे, जमतील तितके. बाकी काही आणू नकोस.

ट्रक उद्या येणार असं सांगितलं होतं. आजच आला, दहा वाजता, राडारोडा भरून. मी धावत बादली घेतली, गाळणीनं, फडक्यानं, हातानं, जसे येतील तसे मासे पकडले. पाणी गढूळ झालं होतं, काही दिसत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, ताई, दोन मिनिटं देतो. चांगला होता, पाच दिली. एकवीस मासे मिळाले. बादलीत अर्धा चिखल, म्हणून तो ओतून नळाखाली भरून घेतली.

मग त्यानं हौदात ओतलं. कमळं उघडी होती. इतका मोठा आवाज होईल असं वाटलं नव्हतं.

४ सप्टेंबर

एकवीसच्या एकवीस मेले. पांढरी पोटं वर. नळाचं पाणी. आमच्याकडे बाबा माशांचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच हौदात सोडायचे, त्यातलं औषध उडून जायला. हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

आत्या उठायच्या आत मासे कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात टाकले. बादली तशीच ठेवली.

बाबांनी डोळे उघडल्यावर पहिलं विचारलं, कसे आहेत?

"मजेत," म्हटलं.

७ सप्टेंबर

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, एकच खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. बाबांनी बादली खाटेच्या उशाशी ठेवायला लावलीय. सकाळी त्यांना आवाज ऐकायचा असतो. म्हणून मी कागदाची बारीक गोळी दोन बोटांत धरून पाण्यात टिचकी मारते. एकदा इकडे, एकदा तिकडे, जरा थांबून परत. अगदी मासा उसळल्यासारखं जमतं. आयुष्यातली सगळ्यात सफाईदार खोडी आहे ही. बाबा म्हणतात, "तो मोठा आहे ना, तोच." मी म्हणते, तोच.

९ सप्टेंबर

वॉर्डाच्या कचेरीत गप्पी मासे फुकट देतात. गेले. खिडकीतल्या माणसानं फॉर्म पुढं केला. पहिलाच प्रश्न, हौद, विहीर की टाकी, आणि पत्ता काय. मी म्हटलं, हौद होता. म्हणाला, होता म्हणजे? मागं लाइन होती. आतल्या बाजूला भिंतीला टेकवलेली लांब दांड्याची पांढरी पळी दिसली आणि मी फॉर्म तिथंच ठेवून आले.

येताना नाल्यात वाकून बघितलं. मासा एकही नाही. अळ्या हव्या तितक्या.

१४ सप्टेंबर

बादलीत अळ्या झाल्यात. सतरा मोजल्या. पाणी फेकलं तर बाबा विचारतील. नाही फेकलं तर आहेच. रोज पहाटे आत्याच्या गाळणीनं गाळते, पण खोलीत उजेड कमी, काही सुटत असणार. कड पण घासते, बोटानं, आवाज होऊ नये म्हणून. काथ्या आणलाच नाही.

१८ सप्टेंबर

आत्याला परवापासून कणकण आहे. अंग मोडून आलंय म्हणते, डोळ्यांच्या मागं दुखतं म्हणते. दमली असेल, दोन माणसं अचानक वाढली. तिला चहा करून दिला.

बाबा खाटेवर बसून हातावर चापट्या मारत होते. म्हणाले, इथं डास फार झालेत.

मी म्हटलं, हो.

"बादलीतले नसणार. मासे आहेत."

"बादलीतले कसे असतील."

"शेजारच्यांनी कुठं तरी उघडं पाणी ठेवलं असेल. जाऊन सांग त्यांना. भांडू नकोस, नीट समजावून सांग. नुसतं ओतून चालत नाही म्हणावं, आतून घासायला लागतं."

मी दार लोटून जिन्यात गेले. शेजारच्यांच्या दाराला कुलूप होतं, ते महिनाभर गावाला गेलेत. पायरीवर बसले, शंभरपर्यंत मोजलं आणि परत आले.

बाबांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"घासू म्हणाले."